चक्री

जानेवारी लागला की कुंदा
माझ्या गळ्याला मफलर गुंडाळते,
तीन वेढे, वर हेल्मेटचा पट्टा.
थंडी नसली तरी.
"सक्करदऱ्याच्या पुलावरून हळू जाजो, बाप्पा,"
आणि हॅण्डलला लावलेली लोखंडी तार
एकदा हलवून बघते.

घरातही तिचं तसंच.
मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना
प्लग उपटून स्वतःच्या मुठीत धरते,
टाकी भरेस्तोवर कोणाला देत नाही.
रात्री सिलिंडर बंद. गच्चीला कुलूप,
किल्ली मेथीदाण्याच्या डब्यात.
आम्ही हसतो.

काल झाडायला दिवाण सरकवला
तर खाली, जुन्या स्वेटरांत, चक्री.
हिरवा नायलॉन मांजा. दातानं तुटेना.
यथार्थची. बारा वर्षांचा आहे.
"सर्वेच आणतात, बाबा.
साध्या धाग्यानं एकही ओ काट होत नाही."

मला काही सुचलं नाही.
कुंदानं खुंटीवरचा मफलर काढला,
त्याच्या हातात दिला.
"जा. पुलावर उभा राहा.
येईल त्याच्या गळ्याला बांध.
पुरते का पाय."

तो गेला नाही, कुठला जातो.
मफलर मांडीवर घेऊन बसला बराच वेळ.

संध्याकाळी तिघं मिळून
बादलीत मांजा कापत बसलो,
वीत वीत, शिवणाच्या कात्रीनं.
आत भात लागला.
गच्च्यांवरून आरोळ्या येत होत्या.

"अजून किती उरला, बाबा?"
म्हटलं, आपल्या घरातला?
थोडाच.