क्लबाची वही

पहिलं पान पोर्तुगीजमध्ये. शाई तपकिरी.
अकरा नावं, एक चेंडू, आणि खर्च :
चामडं शिवून घेतलं, मोच्याला दोन तांगां.

सावर्ड्याला मैदान नव्हतं. भात कापलं की शेत,
मेर ही सीमारेषा, माडीचे दोन सोट उभे,
आडव्या दांड्याच्या जागी सुंभ.
चेंडू त्याच्यावरून गेला की खालून, यावर
रुझार नि पुंडलीक वर्षभर बोलले नाहीत.

एकसष्टच्या डिसेंबरात एकच ओळ :
सामना रद्द. पंच शिपाई होता, कैदेत आहे.

पुढची पानं रोमी कोंकणीत,
मग माझ्या बापाचं मराठी,
ऱ्हस्वदीर्घ पावसात सोडलेलं.
त्यात खाणीचे ट्रक येतात
आणि पांढरी जर्सी लाल होते, न रंगवता.
गोली दोमिंग बार्जवर कामाला.
भरतीला बार्ज सुटायची,
मग गोलात भटाचा मुलगा,
चष्म्यासकट.

चषक एकदाच. तोही उसना,
तळाला दुसऱ्याच गावाचं नाव.
परत करायचा राहिला.

खाण बंद झाली तिथून
सात पानं कोरी.
दोमिंगचा थोरला कतारला, धाकटा लंडनला.
बाप गेला तेव्हा वही माझ्याकडे आली,
सोबत पंप.

काल मेरेवर नऊ पोरगे, दोन पोरी.
मी पेन काढलं :
संघाचं नाव काय लिहू?
त्यातली उंच पोर चेंडू दाबून बघत म्हणाली,
आधी वारा भर.