येथे दळण दळून मिळेल

तिनं आधी विचारलं, वजन किती असेल.
किंमत नाही, मॉडेल नाही, वजन.
मग कळलं, मानखुर्दच्या त्या इमारतीची लिफ्ट
गणपतीपासून बंद आहे, आणि घर सातव्या मजल्यावर.

दीक्षा गमरे. वय बावीस.
मोबाइलवर बोटानं काढलेली पोस्टर्स घेऊन आली होती,
काचेला आडवी चीर,
त्यामुळे प्रत्येक पोस्टरवर वीज पडल्यासारखी.
मी म्हटलं, ही रेघ छान आहे.
ती म्हणाली, ती माझी नाही.

दिलं ते असं:
चोवीस इंची मॉनिटर, खालच्या कोपऱ्यात एक ठिपका कायमचा हिरवा.
कुरकुरणारा सीपीयू.
आणि ड्रॉइंग टॅबलेट,
सतरा वर्षं माझ्या डाव्या हाताखाली
घासून घासून एका अंगानं गुळगुळीत झालेला.
हल्ली अंगठा कळ मारतो.
चहाचा कप धरवतो, रेघ धरवत नाही.
दान वगैरे नव्हतं ते. माळ्यावर टाकवेना, एवढंच.
(खरं सांगायचं तर थोडं दानही होतं.
दारात उभी राहून मी तिच्या चेहऱ्याकडे
गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.)

तिनं टॅबलेट तिथंच उलटा फिरवला.
“तुम्ही डावऱ्या?”
“हो.”
“मी असा लावीन. म्हणजे तुमची झिजलेली जागा
बरोबर माझ्या हाताखाली येते.”

मॉनिटर बसला तिच्या आईच्या शिवणयंत्रावर.
दिवसा ब्लाउज, रात्री दहानंतर लोगो.
दोघींची घाई एकदम आली
की मॉनिटर पलंगावर, ही जमिनीवर,
आणि आईचा पाय चालू.
फरशी हलते, मॅडम,
माझ्या रेघेला टाके पडतात.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन.
डिस्क भरलीय. तुमचं एक फोल्डर राहिलंय,
‘अक्षर शेवटचं नक्की चार’.
उडवू?

बारा वर्षं.
एजन्सीतून आल्यावर, जेवणं आवरल्यावर
एकेक अक्षर.
गाठीचा मराठी श. तीनदा मोडलेला ण.
क, ज्याचं पोट कधी माझ्या मनासारखं झालं नाही.
जोडाक्षरांपर्यंत तर पोचलेच नव्हते.
“पेनड्राइव्हवर काढून ठेवू का?”
नको, म्हटलं. तुला जागा लागेल. उडव.
आणि मग किती तरी वेळ
एकाच पोळीला तूप लावत बसले.

चार महिन्यांनी फोटो आला.
गिरणीची पाटी, पिवळ्यावर तांबडी:
येथे दळण दळून मिळेल.
तीन ळ.
तिन्ही माझे.

पाहायला गेले.
दुसरा फुगा मी आत ओढून धरला होता,
श्वास रोखल्यासारखा. तिनं तो सोडला होता.
आता ळ चांगला जेवलेला दिसत होता.
मला राग आला. मग तो बरोबर वाटला. मग पुन्हा थोडा राग.

“उडव म्हटलं होतं ना?”
“उडवलं की. त्याच्या आधी एक काढून घेतला.
दळण लिहायचं होतं, आणि माझा ळ
दरवेळी आठ आकड्यासारखा व्हायचा.”
पाटीचे दीड हजार मिळाले, म्हणाली,
वर महिनाभर गहू फुकट.

ती डबा घेऊन सात मजले चढायला निघून गेली.
मी तिथंच.
पट्ट्याचा आवाज, गरम पिठाचा वास,
पाटीवरच्या फुग्यांवर आत्ताच पांढरी साय धरलेली.
गिरणीवाल्यानं भुवया झटकल्या.
“काय दळायचंय, बाई?”
मी वरच पाहत होते.
“वाचलंत ना? मग डबा कुठाय?”