राखेतली रेघ

नान्युकीच्या हमरस्त्यावर विषुववृत्ताची पिवळी पाटी आहे.
तिच्यापासून वीस पावलं उत्तरेला
मुतेगी उभा राहायचा, तळाला भोक पाडलेलं घमेलं घेऊन.
पाण्यावर आगपेटीतली एक काडी टाकायचा.
इकडे काडी उजवीकडे फिरे,
वीस पावलं दक्षिणेला गेलं की डावीकडे,
आणि बरोब्बर पाटीखाली
पाणी सरळ उतरून जाई, मुकाट.
पाहुणे टाळ्या वाजवत. दोनशे शिलिंग.
आम्हा पोरांना ठाऊक होतं
पाणी ओतताना त्याचं मनगट कसं वळतं ते.

गितोंगा मास्तरांना हे सहन होत नसे.
त्यांनी गव्हाच्या गोदामात, आढ्याच्या तुळईला
अकरा मीटर तार बांधली,
तारेला मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं वजन,
वजनाच्या पोटाला एक खिळा,
आणि खाली जमिनीवर आम्ही घरोघरच्या चुलींतून
गोळा करून आणलेली राख, चाळून, पसरून.
वजन एका बाजूला ओढून दोऱ्यानं खांबाला बांधलं.
"धक्का हातानं द्यायचा नाही," म्हणाले,
"हात खोटं बोलतो. चुकून का होईना, बोलतोच."
दोरा जाळायचा.
आगपेटी कुणाकडे नव्हती.
मला मुतेगीकडे पिटाळलं.

दोरा तुटला, वजन सुटलं, खिळ्यानं राखेत रेघ मारली.
गेली, आली. गेली, आली.
आम्ही पोत्यांवर बसून वाट बघत होतो
रेघ कधी वाकडी होते याची.
दहा वाजले. अकरा.
रेघ तीच. फक्त दोन्ही टोकांनी
आखूड, आखूड होत चाललेली.
लेसोरोगोल मागून म्हणाला,
"मास्तर, आपल्याकडे पृथ्वी बंद आहे का?"
गोदाम हसलं. पोत्यांतला गहूसुद्धा हसला असेल.

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
उकिडवे बसून बोटानं राखेच्या कडेला एक गोल काढला.
"ध्रुवावर जमीन पायाखाली जात्यासारखी फिरते.
लंबक बिचारा आपल्याच रेघेत झुलत असतो,
फिरतं ते जातं,
आणि जात्यावर उभं राहून आपण म्हणतो, लंबक वळला.
इथं जमीन जातं नाही. इथं ती चाक आहे.
गरगरत नाही, पुढं पळते.
तासाला सोळाशे सत्तर किलोमीटर.
तू, मी, तुळई, गहू, बाहेरचं ते गाढव,
सगळे एका दिशेनं, एका दमात.
वळत कुणीच नाही, म्हणून वळण दिसत नाही.
न हललेली रेघ हीसुद्धा साक्षच, लेसोरोगोल.
फक्त ती ऐकायला
ध्रुव माहीत असावा लागतो."
आम्हाला ध्रुव माहीत नव्हता.
आम्हाला भूक लागली होती.

दुपारी मुतेगी आगपेटी न्यायला आला.
दारात उभा राहून बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.
"मास्तर, याचे कुणी पाच शिलिंगही देणार नाही."
"नाही देणार," मास्तर म्हणाले.
तो गेला नाही लगेच.
मला आता वाटतं, त्याला तेव्हा आठवली असावी
पाटीखालची ती जागा,
जिथं त्याला मनगट वळवावं लागत नसे.

आता मी ट्रोम्सोत असते.
नोव्हेंबरअखेर सूर्य जातो तो जानेवारीत परततो.
विद्यापीठाच्या जिन्यात चार मजले उंच लंबक आहे,
खाली वर्तुळात लाकडी खुंट्या.
त्या रोज सकाळी उभ्या करणं माझं काम.
आज शाळेची मुलं आली होती, लोकरीत गुंडाळलेली.
मी काडी ओढली.
एकविसाव्या मिनिटाला पहिली खुंटी आडवी झाली
आणि सगळा जिना ओरडला.
मी खाली बघत होते.
माझ्या बुटांखालची फरशी, इतक्या हळू,
जात्यासारखी.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री, मास्तरांना फोन लावला.
ऐकू कमी येतं त्यांना आता.
"पडली?"
"पडली."
"कुठल्या अंगाला?"
"उजव्या."
पलीकडे कोंबडा की रेडिओ, काहीतरी वाजत होतं.
मग एकदम खरखरीत, संशयी आवाज:
"धक्का हातानं नाही ना दिलास?"
"नाही, मास्तर," मी म्हटलं.
"दोरा जाळला."