झीज

सोमवार-गुरुवार, पहिली पाळी.
बिटको चौकाच्या मागे, दुसरा मजला, बेड नंबर चार.
गांगुर्डे काका स्वतःच बाही वर सारतात,
फिस्टुलावर तळवा ठेवतात,
आतली थरथर तपासतात,
म्हणतात, "चालू आहे मशीन."

एकतीस वर्षं काढली नोटांच्या प्रेसमध्ये.
रक्त नळीतून पंपाशी येतं,
तिथे दोन रोलर गोल फिरत
नळीला चिमटतात, सोडतात, चिमटतात.
चार तास काका तेवढंच बघतात.
टीव्हीवर भारत हरला तरी मान वळत नाही.

एकदा म्हणाले,
"पोरी, जिथे रोलर तिथे झीज.
पाळी संपली की आम्ही बोट फिरवायचो खालून,
बोटाला बारीक पीठ लागायचं.
इथलं पीठ कुठे जातं?"

मी बुडबुडा शोधत असल्यासारखं केलं.
कोर्समध्ये प्रेशर होतं, हेपॅरिन होतं,
अलार्मचे अकरा प्रकार होते.
पीठ नव्हतं.
"फिल्टर आहे ना, काका."
"फिल्टर कशाचा?"
मी लेबल वाचलं. मग गप्प बसले.
"चंदन झिजलं तर कपाळाला तरी लागतं,"
म्हणाले, आणि खोकेपर्यंत हसले.

पौषात गेले. झोपेत, घरीच.
रामकुंडावर सुलोचनामावशींनी मला जवळ ओढलं.
गुरुजी सांगत होते, इथे अस्थी विरघळतात,
साडेतीन तास पुरे.
सवयीनं माझा डोळा घड्याळावर गेला.
हाडांचं कळलं.
त्या पिठाचं कुणाला विचारू?
चितेत जळलं असेल. किंवा नसेल.
किंवा मी दर पाळीला पिवळ्या पिशवीत बांधते
त्या नळ्यांतून आधीच कुठेतरी निघून गेलं असेल.

मावशी ओल्या हातानं माझा हात धरून म्हणाल्या,
"चार वर्षं दिली गं तुमच्या मशीननं."
खरं होतं.
नातीचं बारसं, एक कुंभमेळ्याची गर्दी,
कोंडाजीचा चिवडा चोरून खाल्लेला, मीठ वर्ज्य असताना.

सोमवारी बेड चारवर नवा पोरगा. बावीसचा.
तो गेल्यावर पंपाचं झाकण उघडलं,
हातमोजा काढून
रोलरखालून बोट फिरवलं.
ट्यूबलाइटखाली धरलं.
स्वच्छ.

तरी बेसिनशी जाऊन धुतलं.
पाणी, जिकडे जातं, तिकडेच गेलं.