साडेआठशे

आयकॉन दारात उभी राहून धापा टाकते.
सुईनं साडेआठशेवर बसावं, तर ही सोळाशेला चढते,
सातशेला उतरून थरथरते, पुन्हा चढते,
वरच्या मजल्यावर काहीतरी विसरल्यासारखी.

रानवडे बाई स्टिअरिंगवर तळवे ठेवून बसलेल्या.
कान गेलेत त्यांचे. कर्णबधिरांच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं,
"आणि आता मीच त्या बाकावर," असं सांगून
स्वतःच हसतात, धायरी फाट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
मग हसू आवरून:
"दस्तगीर, शुक्रवारपर्यंत ही अशी नव्हती."

नव्हती. शुक्रवारी मॅनिफोल्ड मीच बदलला.
जुन्याला बोटाएवढी चीर, दोन वर्षांची.
नवा म्हणजे नाना पेठेतला, कुठल्यातरी मेलेल्या आयकॉनचा,
पेट्रोलनं धुऊन दिलेला.
दुकानदाराला फोन लावला. म्हणाला,
माल चोख आहे. हात बघा तुमचा.
एक वाजला होता. फोनमधून शटर ओढल्याचा आवाज आला.

शनिवार असा गेला:
थ्रॉटल बॉडी पुसली, आधीच पुसलेली.
आयडल व्हॉल्व्ह काढून काजळी झटकली.
बोल्ट पुन्हा आवळले, मधून कडेला, शिकवलं होतं तसे.
सांध्यांवर स्प्रे मारत, कान लावून उभा राहिलो;
इंजिनचा सूर कुठंच बदलला नाही,
की भोसरीच्या प्रेस शॉपमधली अकरा वर्षं
अजून माझ्या कानात आहेत, कळेना.
शेवटी टायरवाल्या कदमांच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलली,
धूर कुठं ओढला जातो बघावं म्हणून.
इलाही ओरडला, "चाचा, पेट्रोल!"
बरोबर होतं त्याचं.
सहा महिन्यांत पोरगा माझ्यावर ओरडायला शिकला,
एवढं तरी नीट बसलंय.

बाई कधी उतरल्या कळलं नाही.
बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यांनी हात आत घातला,
पट्ट्याकडून नाही, मागून,
जिथलं मला आरसा धरल्याशिवाय दिसत नाही.
बाई, गरम आहे ते! कोणाला सांगतोय मी.
बोटं चाचपत गेली, थांबली, एक पाऊल मागं आली.
"इथं. बोट ओढतंय माझं.
तान्हं पोर चोखतं ना, तसं."
सुई खाली आली.
बाईंचं बोट होतं तोवर चढलीच नाही.

करंगळीएवढं तोंड, उघडं.
त्याची रबरी टोपी कोपऱ्यात,
जुन्याच मॅनिफोल्डच्या डोक्यावर, ऐटीत.
हात बघा तुमचा.

टोपी बसवली. गाडी बंद पडली.
चालू केली, बंद पडली.
इलाहीनं माझ्याकडं बघितलं नाही, हे मी बघितलं.
बाईंसमोर जाऊन, ओठ नीट हलवत, सांगितलं:
दोन वर्षं चिरेतून फुकटची हवा येत होती.
कॉम्प्युटरनं हिशेब तसाच धरलाय, स्वतःचं दार लोटून ठेवतो.
चीर आता नाही, हे त्याला कोणी कळवलेलं नाही.
बॅटरीची तार काढू. विसरू दे त्याला.
"किती वेळ?"
एक चहा.
"बरंय त्याचं. कानाच्या मशीनला मी सहा महिने दिले.
मग कपाटात ठेवलं."

तार जोडली. एसी बंद, पाय लांब,
कोणी काही दाबायचं नाही.
सहाशे. हजार. नऊशे.
इलाही मनात मोजत होता, ओठ हलत होते,
आणि बाई सुई सोडून ते वाचत होत्या.

बिलावर मी मजुरी लिहिली, खोडली.
बाईंनी ती पुन्हा लिहिली,
शंभरानं कमी. "बोटाचे," म्हणाल्या.

पंखा लागला. सुई जराशी दबली,
परत आली.