परतीचं भाडं

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत, पत्र्याच्या खोलीत
रात्रपाळीला मी आणि तीन फोन.
भिंतीवर देशाचा नकाशा, ओल लागून
कच्छपाशी फुगलेला.
कन्याकुमारीची टाचणी कुणीतरी नेली दात कोरायला,
तेव्हापासून खालचं टोक पंख्याच्या वाऱ्यानं हलतं.

ऑक्टोबर लागलाय.
दुपारी आकुर्डीच्या चौकात डांबर चप्पल धरून ठेवतं,
संध्याकाळी देहूच्या अंगाला वीज
नुसती डोळा मारते आणि जाते.
पेपरात रोज एक रेघ छापतात :
पाऊस इथवर माघारी गेला.
जैसलमेर सुटलं, बिकानेर सुटलं.
झोपेत कुणी पायानं पांघरूण ढकलावं
तशी रेघ खाली सरकते.

माझ्या वहीत पाच रकाने.
गाडी, माल, ठिकाण, वेळ, आणि शेवटचा : रस्ता.

सुखवंत, काझीगुंड. सफरचंदं.
पुढं दरड, मागं चारशे गाड्या,
खालच्या पेट्यांना वास सुटलाय
आणि रात्री थंडीनं स्टिअरिंग हाताला चावतं.
रशीदभाई, कोटा. फरशी.
आभाळ धुतल्यासारखं, ओठ फुटलेत,
रस्ता? लोणी.
तंगवेल, नेल्लोर. कागद.
समुद्राचा रंग बरा नाही म्हणतो,
खानावळवाला बाकडी आत घेतोय.
जालिंदर, हाफलाँग. पंपाचे सुटे भाग.
पुढं डोंगरच रस्त्यावर येऊन बसलाय, म्हणाला.
ते परवा. त्यानंतर त्याच्या रकान्यात
मी रोज एक टिंब देते.

शेटच्या टेबलाखाली पंचांग आहे,
त्यात नक्षत्राला वाहन दिलेलं असतं.
यंदा हस्ताला म्हैस.
वाचून मला एकटीलाच हसू आलं.
म्हणजे वरही कुणीतरी बसलंय वही घेऊन,
गाडी लावून देतंय,
आणि म्हशीवरून निघालेला
कधी पोचेल, काही सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात एक नियम :
गाडी रिकामी परत आणायची नाही.
कांदा तर कांदा, भंगार तर भंगार,
परतीचं भाडं बघूनच निघायचं.
येताना तो अख्खा समुद्र भरून आला होता.
आता जाताना काय भरलं असेल त्यानं
एवढ्या मोठ्या मुलखातून?
पुलाचा एक खांब, कुणाची शेळी,
शाळेच्या भिंतीवरचे अर्धे पाढे.
बिल्टी कुणाच्या नावानं?

मी स्वतः अक्कलकोटच्या पुढं गेलेले नाही.
पण सिलीगुडीचा चिखल मला माहीत आहे.
चाकांच्या पोटातून वाळलेला पडतो यार्डात,
राखाडी, चुलीतल्यासारखा.
एकदा त्यातून काहीतरी उगवलं होतं.
नाव कुणालाच सांगता आलं नाही.

पावणेतीनला अनोळखी नंबर.
खरखर, मग जालिंदर, कुणा जवानाच्या फोनवरून.
मी पेन उघडलं : बोल, रस्ता?
तो म्हणाला, ते राहू द्या,
पुण्यात पडतोय का?

आठ वर्षं मी हे देशाला विचारते आहे.
मला कुणी विचारलं नव्हतं.
खिडकीतून हात बाहेर काढला.
तळव्यावर एक जाड थेंब, मग दुसरा,
मग पत्रा असा वाजायला लागला
की माझं मलाच ऐकू येईना.
पडतोय रे, ओरडले, आत्ता लागला.
तर म्हणतो, माझ्या बुलेटच्या सीटवर
तेवढं प्लॅस्टिक टाका, ताई,
नवीन कव्हर घातलंय.

शिव्या दिल्या त्याला मनसोक्त.
मग ताडपत्रीचा तुकडा शोधला,
ओढणी डोक्यावर घेऊन यार्डात गेले.
गुडघ्याएवढ्या उजेडात पाणी उड्या मारत होतं.
सीट ओली झालीच होती.
पुसली, बांधली, दोन गाठी मारल्या.

आत येऊन वही ओढली. पाचवा रकाना.
बोटांचं पाणी टिंबांवर पडलं,
तिन्ही फुटून एक झाली.