दुवा

गिरणेच्या पुलावर केळीचा टेम्पो उलटला,
आमच्या होस्टेलपासून चालत दहा मिनिटं.
मी ट्रायपॉडही घेतला नाही.
नंबरप्लेट एकोणीसची, ॲपमध्ये टाकली,
मालकाचं नाव आलं, मथळा केला:
धुडकू नथ्थू कोळी ठार.
बाविस्कर सर म्हणायचे, आधी पोचा.
विभागाच्या पोर्टलवर मी सगळ्यांच्या आधी पोचले.

अकरा मिनिटांनी फोन.
"मी जित्ता शे ना बहीन.
गाडी मन्ही, पन चालाडणारा दुसरा व्हता.
आठे मन्ही माय रडी रडी अर्धी व्हयनी."
मागे खरंच कोणी रडत होतं,
आणि कुकरची शिट्टी.

मथळा बदलला. माफी टाकली, ठळक अक्षरांत.
पण दुव्याच्या शेपटीत तो अजून ठार आहे,
इंग्रजी लिपीत, आडव्या रेघांनी जोडलेला.
शेपटी कापली तर पानच सापडत नाही.

चालवणारा चोपड्याकडचा, बदली ड्रायव्हर.
त्याचं नाव मला तिसऱ्या दिवशी मिळालं.
तोवर पूल धुऊन झाला होता,
केळी लोकांनी कधीच उचलून नेली होती.
त्याच्या घरून कोणाचा फोन आला नाही.
मीही केला नाही.

परीक्षेत आलं: पडताळणी म्हणजे काय? पाच गुण.
मी लिहिलं, फोन करणे.
दोन मिळाले.

धुडकूभाऊ मात्र दर पोळ्याला आठवणीने लावतात.
"शे ना बहीन, आजून शे."
मी वहीत तारीख टाकते, वेळ टाकते,
आणि पुढे:
स्रोत, स्वतः.